चांदमारीतील काडतुसे आणि देवघरातील गोळी

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

गेल्या मे महिन्यात आमच्या शेतातली जुनी लोखंडी पाइपलाइन नेमकी कोठून गेली आहे, हे घरात कोणालाच आठवेना. ती टाकली आजोबांनी, आणि आजोबांना जाऊन १२ वर्षे झाली. बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारे माझे मामा मग कोठून तरी जमिनीतला धातू शोधण्याचे यंत्र घेऊन आले. काठीच्या टोकाला ताटलीएवढे वेटोळे, मुठीशी एक छोटी पेटी. खाली धातू आला की यंत्र कुईकुई करते. पाइप सापडला तो दुपारी. पण त्याआधी सकाळभर ते यंत्र दर चार पावलांवर ओरडत होते. प्रत्येक वेळी खुरप्याने वीतभर माती उकरावी, आणि हाती यावी ती मातीने गच्च भरलेली, हिरवट पडलेली एक पितळी पुंगळी. दुपारपर्यंत अशी ३१ काडतुसे बांधावर ओळीने मांडली गेली.

आमच्या शेताच्या पूर्वेला एक टेकाड आहे. त्याला गावात चांदमारी म्हणतात. तेथे कधीकाळी शिपाई नेमबाजीचा सराव करीत, एवढे सर्वांना ठाऊक होते; कोणते शिपाई आणि कोणत्या साली, हे मात्र कोणी विचारले नव्हते. आता विचारण्याचे कारण घडले. मामांनी एक पुंगळी चिंचेने घासून लख्ख केली. तिच्या बुडावर दोन इंग्रजी अक्षरे, '४१' हा आकडा आणि रोमन पद्धतीचे सात अशी अक्षरमाळ निघाली. मामा म्हणाले, "हे बघ, सन १८४१. कंपनी सरकार! आणि सात म्हणजे सातवी पलटण." दुसऱ्या पुंगळीवर ५६ निघाले. म्हणजे १८५६, उठावाच्या आदले वर्ष! संध्याकाळपर्यंत ही बातमी पारावर पोचली.

बातमी एवढ्या वेगाने पोचण्याला आणखी एक कारण होते. आमच्या घरी देवघरात एक शिशाची गोळी आहे. लाल फडक्यात गुंडाळून ती टाकाखाली ठेवलेली असते आणि खंडेनवमीला विळा, कोयता, कुऱ्हाड यांच्याबरोबर पाटावर मांडून तिची पूजा होते. आमचे एक पूर्वज १८१७ साली खडकीच्या लढाईत बापू गोखल्यांच्या फौजेत लढले, त्यांच्या मांडीतून ही गोळी काढली, अशी कथा मी जन्मापासून ऐकत आले आहे. यंदा ग्रामपंचायतीने त्यांच्या नावाचा दगडी फलक वेशीवर बसवावयाचा ठराव केला. सरपंचांनी मला बोलावून सांगितले, "तू कॉलेजात इतिहास शिकतेस, मजकूर तूच लिहून दे. आणि त्या काडतुसांचाही उल्लेख असू दे, म्हणजे वजन येईल."

आमच्या विभागातील सरांना मी हे अभिमानाने सांगितले. सरांनी एवढेच विचारले, "गोळी मोजलीस का?" मी मोजली नव्हती. आमच्या घरात कोणीच कधी मोजली नव्हती. प्रस्तुत लेख त्या मोजणीतून निघाला आहे. लेखन संपले तेव्हा फलकाचा मजकूर मात्र माझ्या हातून लिहून झाला नाही. तो का, ते पुढे येईलच.

प्रथम एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तीत जिवाचा प्रश्न आहे. त्या ३१ नगांपैकी ३० पुंगळ्या रिकाम्या होत्या. एकतिसाव्याच्या तोंडाशी टोकदार गोळी जशीच्या तशी बसलेली होती आणि बुडाच्या मधोमध असलेल्या टोपीवर ठोका पडलेला नव्हता. म्हणजे ते काडतूस जिवंत होते. मामा तेही चिंचेने घासायला निघाले होते. पितळ गंजले, दारू जुनी झाली, म्हणजे ते निरुपद्रवी झाले, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खोटा आहे. टोपीतला स्फोटक लेप दाबाने, घासण्याने किंवा उष्णतेने पेटतो आणि जमिनीत कित्येक वर्षे राहूनही पेटू शकतो. तोफेचे गोळे, हातबॉम्ब यांच्या बाबतीत तर विचारूच नये. सरावाच्या मैदानांलगतच्या गावांत भंगार म्हणून गोळे फोडताना माणसे मेल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतोच. आम्ही ते काडतूस होते तेथे ठेवले, भोवती चार दगड रचले आणि पोलीस पाटलांना कळविले. दुसऱ्या दिवशी पोलीस आले, पंचनामा झाला, आणि सगळेच नग ते घेऊन गेले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून जिवंत काडतूस बाळगणे हा गुन्हा आहे. ते जुने आहे, शेतात सापडले आहे, ही सबब चालत नाही. देवघरातली गोळीही मी आपणहून दाखविली. फौजदारांनी ती हातात घेऊन पाहिली, वहीत नोंद केली आणि आजीच्या हातात परत दिली.

पुंगळ्या गेल्या, पण त्यांच्या बुडांचे ठसे माझ्याकडे राहिले. पोलीस यायच्या आधी मी रिकाम्या पुंगळ्यांच्या बुडावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल हलके घासली होती, लहानपणी आपण नाण्यांचे ठसे घेतो तसे. ज्याला शिकावयाचे आहे त्याला वस्तू घरी नेण्याची गरज नसते. ठसा, मोजमाप आणि ती नेमकी कोठे सापडली याचा कच्चा नकाशा, एवढे पुरेसे होते. घासून चमकविण्याचीही गरज नसते. मामांच्या चिंचेने अक्षरे वाचता आली हे खरे, पण त्याच चिंचेने त्या पुंगळीवरील जुना थर कायमचा गेला.

आता वाचन. काडतुसाची ओळख त्याच्या अक्षरांवरून सुरू करू नये, आकारावरून करावी. आमच्या मामांची चूक हीच झाली. या पुंगळ्या मानेशी बाटलीसारख्या निमुळत्या होत्या. पदार्थविज्ञान प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर मागून आणून मोजले, तेव्हा लांबी सुमारे ५६ मिलिमीटर भरली आणि बुडाशी सुमारे साडेतेरा मिलिमीटर व्यासाची बाहेर आलेली कड. कड असलेली, या लांबीची आणि या घडणीची पुंगळी म्हणजे आपण ज्याला थ्री-नॉट-थ्री म्हणतो त्या बंदुकीचे काडतूस. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर, म्हणून हे नाव. ही जात ब्रिटिश सैन्यात आली १८८९ च्या सुमारास. आरंभी तिच्यात काळी दारूच भरीत. लवकरच, १८९१ च्या सुमारास, धूर फार थोडा करणारी कॉर्डाइट नावाची दारू आली. म्हणजे १८४१ साली किंवा १८५६ साली हे काडतूस जगात कोठेही असणे शक्य नव्हते. ४१ चा अर्थ १९४१ आणि ५६ चा अर्थ १९५६. मामांनी शंभर वर्षांची चूक केली होती. सालाचे दोनच आकडे छापण्याच्या पद्धतीने त्यांना फसविले, त्यांचा दोष नाही.

रोमन सातचा पलटणीशी काही संबंध नाही. तो काडतुसाच्या नमुन्याचा अनुक्रमांक आहे. या जातीचे नमुने एकामागून एक सुधारत गेले. सहावा १९०४ चा. त्यात गोल टोकाची, २१५ ग्रेन म्हणजे सुमारे १४ ग्रॅम वजनाची गोळी असे. सातवा १९१० चा. त्यात १७४ ग्रेनची, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमची, टोकदार गोळी आली. तीच दोन्ही महायुद्धांत वापरली गेली. तेव्हा गोळी गोल टोकाची की टोकदार, एवढे नुसत्या डोळ्यांनी पाहिले तरी १९१० ची रेघ कोणत्या बाजूला ओढायची ते कळते. सातच्या पुढे इंग्रजी वर्णमालेतले शेवटचे अक्षर 'झेड' असेल तर आत कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू आहे असे समजावे. सातऐवजी 'जी' अक्षराने सुरू होणारी खूण असेल तर गोळी जाताना उजेडाची रेघ सोडणारी, 'डब्ल्यू' असेल तर चिलखत भेदणारी, 'बी' असेल तर आग लावणारी. या शेवटच्या तीन प्रकारांच्या जवळही जाऊ नये.

राहिली दोन अक्षरे, 'के' आणि 'एफ'. आमच्या शाळेतील एका गुरुजींनी त्याचा अर्थ 'किंग्ज फोर्स' असा लावला होता. प्रत्यक्षात ही खूण आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची आहे. इंग्रज खडकीला 'किर्की' म्हणत, त्याचे आद्याक्षर 'के', आणि 'एफ' म्हणजे फॅक्टरी. हा कारखाना १८६९ सालचा. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. येथे एक खाचखळगा आहे. नुसते 'के' असेल तर तो खडकीचा नव्हे; ती इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमजवळच्या कायनॉक या कंपनीची खूण. 'आर' आणि 'एल' यांच्यामध्ये बाण असेल तर तो लंडनजवळच्या वुलिचच्या सरकारी रॉयल लॅबोरेटरीचा माल. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ फुटस्क्रे येथे झालेल्या काडतुसांवर 'एम एफ' असे. आपल्या जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्याची खूण 'ओ एफ व्ही'. माझ्या ३० ठशांपैकी २६ खडकीचे निघाले. चार ठसे गंजामुळे वाचता आले नाहीत. साले निघाली ती ४१, ४२, ४३ आणि दोनांवर ५६. म्हणजे आमच्या चांदमारीवरचे बहुतेक बार दुसऱ्या महायुद्धातले आहेत. लढाईच्या काळात सरकारने या भागातल्या जमिनी तात्पुरत्या घेतल्या होत्या, असे गावातील वृद्ध सांगतात, त्याच्याशी हे जुळते. ५६ च्या दोन पुंगळ्या स्वातंत्र्यानंतरच्या. तेव्हाही थ्री-नॉट-थ्री चालूच होती. लष्कराने १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरची स्वयंभर बंदूक घेतली; तिच्या ५१ मिलिमीटर लांबीच्या पुंगळीला बाहेर आलेली कड नसते, म्हणून ती अंधारातही बोटाला वेगळी कळते. पोलिसांच्या खांद्यावर मात्र जुनी थ्री-नॉट-थ्री त्यानंतरही कैक वर्षे दिसत राहिली.

नकाशाने आणखी एक गंमत दाखविली. पुंगळ्या शेतभर विखुरलेल्या नव्हत्या. त्या टेकाडाला समांतर अशा दोन पट्ट्यांत होत्या, आणि दोन पट्ट्यांमधले अंतर पावलांनी मोजले तेव्हा सुमारे ९० मीटर, म्हणजे शंभर यार्ड, भरले. शिपाई जेथे आडवे पडून बार काढतात तेथे पुंगळ्या पडतात, आणि गोळ्या जातात समोरच्या मातीच्या बांधात. आमच्या शेतात पुंगळ्या मिळाल्या, गोळी एकही नाही. म्हणजे आमचे शेत ही नेमबाजांची जागा होती. मामांनी पुंगळ्या गोळा करून एका पाटीत ओतल्या असत्या तर हे कधीच कळले नसते. हल्ली गडकिल्ल्यांवर अशी यंत्रे घेऊन फिरणारी तरुण मंडळी दिसतात. संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीवाचून खणणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, जागेवरून उपटलेली गोळी ही पानावरून फाडलेल्या शब्दासारखी होते, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे.

तीन पुंगळ्यांना गळ्याशी उभी चीर होती. बार काढताना पितळ फाटू शकते, त्यामुळे या चिरांबद्दल मी काही ठाम म्हणत नाही. परंतु या चिरांच्या शोधात एक मजेदार हकीकत वाचनात आली, ती सांगण्याचा मोह आवरत नाही. हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठविलेली काडतुसे न वापरताच तडकत असत. कारण कोणाला उमजेना. पुढे १९२१ साली इंग्लंडातील संशोधकांनी दाखवून दिले की घडविताना पितळात राहून गेलेला ताण आणि घोड्यांच्या मुतापासून हवेत येणारा अमोनिया या दोहोंच्या संगनमताने पितळ तडकते. ऋतूप्रमाणे होते म्हणून धातुशास्त्रात या विकाराला अजूनही 'ऋतूची तडक' अशा अर्थाचेच नाव आहे. आपल्या पावसाळ्याचे नाव एका शास्त्रात असे जाऊन बसले आहे.

पितळ बोलते, कारण त्यावर अक्षरे असतात. शिसे मुके. देवघरातली गोळी शिशाची, तिच्यावर एकही अक्षर नाही. तेव्हा शिशाच्या गोळीचे वय कसे ठरवावे, याकडे वळू.

खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली. त्या काळी दोन्ही बाजूंच्या बंदुका नळीच्या तोंडातून ठासावयाच्या. कंपनीच्या शिपायांकडे चकमकीची बंदूक होती. तिच्या नळीचा व्यास पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. तीत टाकावयाची गोळी मात्र मुद्दाम लहान, सुमारे साडेसतरा मिलिमीटरची, कारण दोनचार बार झाले की काळ्या दारूच्या काजळीने नळी आतून भरत जाते आणि घट्ट गोळी खाली उतरत नाही. मराठ्यांच्या फौजेत तोड्याच्या बंदुका पुष्कळ, आणि त्यांना एक माप नव्हते. ज्याची बंदूक त्याचा साचा. पण एक गोष्ट सर्वत्र समान होती. गोळी बोराएवढी, गोल असे. साच्याच्या दोन अर्धांची बारीक कड आणि शिसे ओतलेल्या जागेचा खुंट कापल्याची खूण तिच्यावर पुष्कळदा दिसते. वार केलेली गोळी चपटी होते आणि तिचा व्यास मोजता येत नाही. तेव्हा ती सोनाराच्या काट्यावर तोलावी. शिसे पाण्याच्या ११.३४ पट जड आहे. त्यावरून साडेसतरा मिलिमीटरची अखंड गोळी सुमारे ३२ ग्रॅम भरली पाहिजे. वजन फारसे घटत नाही, म्हणून आकार बिघडला तरी मूळचा व्यास उलटा काढता येतो. हे गणित मला फार आवडले. कला शाखेत आल्यानंतर गोलाचे घनफळ पुन्हा भेटेल असे वाटले नव्हते.

लांबट गोळी सैन्यात सर्रास आली ती या लढाईनंतर ३० वर्षांहून अधिक काळाने. नळीच्या आत आटे पाडले तर गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते हे जुनेच ज्ञान. पण आट्यांत घट्ट बसणारी गोळी तोंडातून ठासणे कठीण. तोड काढली ती अशी की गोळी सैल ठेवावयाची आणि बुडाशी पोकळ करावयाची. बार उडताच वायूच्या दाबाने बूड फुगते आणि आटे पकडते. ब्रिटिशांची १८५३ ची एन्फील्ड बंदूक ही या जातीची, नळी ०.५७७ इंच, आटे तीन. तिचेच कागदी काडतूस दाताने तोडावे लागे आणि त्याच्या चरबीची वदंता जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदमच्या छावणीतून पसरली, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. ध्यानात ठेवण्यासारखे असे की एन्फील्डची गोळी अंगाने गुळगुळीत असते. तिच्यावर कड्या नसतात, कारण वंगण आणि कागद बाहेरून असत.

उठावानंतर इंग्रज सरकारने हिंदी पलटणींना आट्यांच्या बंदुका देण्याचे थांबविले आणि त्यांच्यासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुका मुद्दाम करविल्या. यापुढे पुष्कळ काळ रिवाज असा राहिला की गोऱ्या शिपायाकडे नवे हत्यार आणि काळ्या शिपायाकडे एक पिढी मागचे. १८६६ साली जुन्या एन्फील्डचाच मागचा भाग कापून तिला झडप बसविली आणि मागून भरावयाची स्नायडर बंदूक तयार झाली. तिचे काडतूस पातळ पितळी पत्र्याच्या गुंडाळीचे, बुडाशी लोखंडी चकती. ते कर्नल बॉक्सर यांनी वुलिचला घडविले. या काडतुसातली गोळी ४८० ग्रेन, म्हणजे ३१ ग्रॅमची. तिच्या अंगावर वंगण धरण्यासाठी कड्या कोरलेल्या, टोक आतून पोकळ, आणि बुडाच्या पोकळीत भाजलेल्या मातीचे बूच. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिची गोळी बारीक, ०.४५० इंची नळीची, कागदात गुंडाळलेली. आणि थ्री-नॉट-थ्रीपासून शिशावर कठीण धातूचे कवच चढले. कवच दिसले की १८८८ च्या मागे जाण्याचे कारण नाही. याच कवचाचे टोक उघडे ठेवून दमदमच्या कारखान्यात १८९६ च्या सुमारास शरीरात गेल्यावर फुलणारी गोळी तयार झाली, आणि १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांना मनाई झाली. कलकत्त्याच्या एका उपनगराचे नाव जगातील कितीतरी भाषांत अशा वाईट अर्थाने रूढ व्हावे, याची खंत वाटते.

या माहितीने सज्ज होऊन मी एका शनिवारी आंघोळ करून देवघरातली गोळी बाहेर काढली. खरे सांगावयाचे तर कॅलिपर लावण्यापूर्वीच उत्तर समोर होते. गोळी गोल नव्हतीच. तिला मी लहानपणापासून पाहत आले होते, ती लांबट आहे हे मला माहीत होते, आणि वर्गात १८१७ च्या बंदुकांविषयी ऐकले तेव्हाही या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींना भेटल्या नव्हत्या. व्यास साडेचौदा मिलिमीटर. वजन सोनाराच्या काट्यावर ३० ग्रॅमला थोडे कमी. अंगावर चार कड्या. बुडाशी खोलगट पोकळी, तिच्या कडेला विटकरी रंगाची, भाजलेल्या मातीची बारीक चिप. भिंगाखाली तीन रुंद, उथळ, किंचित तिरपे पट्टे दिसले. कड्या आहेत म्हणून एन्फील्ड नव्हे. भाजलेली माती आहे आणि आट्यांचे तीन पट्टे आहेत म्हणून लांब नळीच्या स्नायडरमधून उडालेली. म्हणजे १८६६ च्या पूर्वीची नाही.

नंतरची किती? ते गोळी सांगत नाही. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. अशा वस्तूवरून 'याच्या आधी नाही' एवढे म्हणता येते. 'याच साली' असे म्हणता येत नाही. १९४१ चे काडतूस १९४५ मध्ये उडविले असू शकते. स्नायडर लष्करातून गेल्यावर पोलिसांकडे बराच काळ होत्या. तसेच टोक फारसे चेपलेले नाही. मऊ शिसे हाडावर आपटले तर ते असे राहत नाही. नुसत्या मांसात शिरली असेल तर राहू शकते. चांदमारीच्या भुसभुशीत मातीत शिरली असेल तरीही राहू शकते. या दोहोंपैकी काय, हे मला गोळीवरून ठरविता आले नाही.

आजीला सांगावयाचे धैर्य होईना. आजी ८७ वर्षांची आहे. आठ दिवस मी ते टाळले. शेवटी एका संध्याकाळी ती वाती वळीत असताना जवळ जाऊन बसले आणि म्हटले, "आजी, ही गोळी खडकीची नाही गं. पेशवाई बुडाल्यावर पन्नास वर्षांनी असल्या गोळ्या आल्या."

आजीने वात पूर्ण वळली. मग म्हणाली, "सासूबाईंनी मला दिली तेव्हा त्यांनी कुठं पेशव्यांचं नाव काढलं होतं? त्या म्हणाल्या, मोठ्यांच्या मांडीतली आहे, लढाईतली. लढाई कुठली ते मी विचारलं नाही. सुनेनं विचारायची रीत नव्हती."

"मग खडकी कोठून आली?"

"तुझ्या आजोबांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकली. त्यांना कोणी सांगितलं देव जाणे." थोडे थांबून ती म्हणाली, "सासूबाई पलटण म्हणायच्या. पलटणीतून आले तेव्हा पाय ओढत आले."

'पलटण' या एका शब्दाने माझे सगळे चित्र फिरले. आमचे पूर्वज लढले असतील तर ते पेशव्यांच्या बाजूने नव्हे, इंग्रज सरकारच्या पगारावर, मुंबई इलाख्याच्या एखाद्या पलटणीतून. या पलटणी १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धात होत्या. २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या लढाईत मुंबईच्या हिंदी पलटणींची भयंकर हानी झाली, आणि त्या हिंदी शिपायांच्या हातात स्नायडरच होत्या. काळ जुळतो. पण येथे मला स्वतःलाच आवरावे लागले. मामांनी ४१ पाहून कंपनी सरकार ओळखले, त्यांच्यात आणि माझ्यात मग फरक काय राहिला? माणसाला लागते ती शत्रूची गोळी, स्वतःच्या पलटणीची नव्हे. स्नायडर हिंदी शिपायांकडे होत्या यावरून काहीच सिद्ध होत नाही. ते मैवंदला होते याला माझ्याकडे तूर्त आजीच्या सासूबाईंच्या एका शब्दाखेरीज आधार नाही. पलटणीचे नाव, पेन्शनचा कागद किंवा पदक, असे काही घरच्या जुन्या पेटीत निघते का, ते पाहत आहे.

ग्रामपंचायतीत मी हे सारे सांगितले. सभा शांतपणे ऐकत होती असे म्हणता येणार नाही. एकजण म्हणाले की आमच्या भावनांशी खेळू नका. दुसरे म्हणाले, इंग्रजांच्या चाकरीत जखमी झालेल्याचा फलक कशाला? त्यावर आमच्या वडिलांनी, जे सभेत कधी बोलत नाहीत, एवढेच विचारले की पाय तर त्यांचाच गेला ना? सरपंचांनी मला बाजूला घेऊन सुचविले की साल न घालता नुसते 'रणसंग्रामात' असे लिहावे, म्हणजे कोणाचेच काही बिघडणार नाही. मला ते पटले नाही. साल गाळले तरी वाचणारा ते १८१७ च वाचणार, हे त्यांनाही ठाऊक होते. मी मजकूर लिहून दिला नाही. दगड अजून पंचायतीच्या ओसरीत भिंतीला टेकून उभा आहे.

खंडेनवमीला आजीने गोळी नेहमीप्रमाणे पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिले. शेजारी कॅलिपर होता. तोही पूजेत ठेव म्हणाली, म्हणून ठेवला. तो प्रयोगशाळेचा असल्याने दुसऱ्या दिवशी पुसून परत केला.

पुंगळ्यांचे ३० ठसे, शेताचा नकाशा आणि गोळीची मोजमापे इतिहास विभागाच्या कपाटात ठेवली आहेत. वाचता न आलेले चार ठसे कोणाला वाचता आले तर मला अवश्य कळवावे.